‘खंबीर’ हा शब्द आता नको झालाय

डंकवाली | ८ मार्च, रात्री १०:५२

आज आमच्या भागातल्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि फेटा बांधून फोटो. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "कोरोना आणि महापूर, दोन्ही पचवून खंबीरपणे उभी राहिलेली आपली रणरागिणी!" टाळ्या झाल्या. मी हात जोडले, इडली-सांबार खाल्लं (सांबार बरं होतं) आणि घरी येऊन नळ सोडून रडलो.

नवरा २०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेत गेला. आमचा शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला चटणी कांडायचा डंक आहे. मे म्हणजे भर सीझन. लॉकडाऊनमुळं शटर अर्धं खाली, पण आत लोकांचे डबे आलेले. तो दवाखान्यात गेला तेव्हा दुकानात एकतीस डबे होते, प्रत्येकावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी: "पाटील काकू, संकेश्वरी २, ब्याडगी १, तिखट जास्त." तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी डंक चालू केला. त्याला लोक खंबीरपणा म्हणतात. अहो, पाऊस तोंडावर आला होता. दमट हवा लागली की मिरची मऊ पडते, मग नीट कांडली जात नाही. एकतीस घरांची वर्षाची चटणी होती ती. दुसरं काय करणार होतो?

शिवाय एक सांगतो, डंकावर रडायला बरं असतं. सगळ्यांचेच डोळे पाणावलेले, सगळ्यांनाच ठसका. कुणी विचारत नाही.

मग जुलैअखेर पाणी आलं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५६ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४३. जयंती नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं आणि मोटर, पट्टा, बेअरिंग, सगळं बुडालं. २०१९ ला पण बुडालं होतं, पण तेव्हा तो होता.

मला जे उपयोगी पडलं ते एवढंच. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी मोटर रिवाइंडिंग करून दिली आणि "पैसे पुढच्या सीझनला" म्हणाले. मागच्या गल्लीतल्या वहिनी दीड महिना पोरांना रोज डबा पाठवत होत्या, एकदाही "धीर धर" म्हणाल्या नाहीत. आणि माझ्या भावानं मला त्याची जुनी स्कूटी दिली. बाकी जे खंबीर, वाघीण, ताराराणीची लेक वगैरे म्हणाले, त्यांच्यापैकी कुणी चिखल काढायला आलं नाही.

तुमच्याकडं काय अनुभव? खरंच काय उपयोगी पडलं, ते लिहा. कौतुक नको.

रंकाळ्याचा_वारा | ८ मार्च, रात्री ११:१०

डबा पाठवणाऱ्या वहिनींना दंडवत.

नाद_खुळा | ८ मार्च, रात्री ११:२६

ताई, राग नको. पण कोल्हापूरच्या बाईला ताराराणीची लेक म्हणणं हा अपमान आहे का? कावळा नाक्यावरचा पुतळा बघितला की छाती फुगते. असा आदर्श दुसऱ्या कुठल्या गावाला आहे?

मोडी_लिपी | ८ मार्च, रात्री ११:५८

नाद_खुळा, मलाही तो पुतळा आवडतो. पण आपण तिला घोड्यावरच ठेवलंय, खाली उतरू देत नाही.

१७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले, तेव्हा ताराबाई पंचविशीतली विधवा होती. लहान मुलाला गादीवर बसवून तिनं औरंगजेबाशी सात वर्षं लढाई चालवली. भाषणं इथंच संपतात. पुढं १७१४ मध्ये तिच्याच सवतीनं, राजसबाईनं, आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराबाईला मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. ती मेली १७६१ मध्ये. म्हणजे कैद, डावलणं, पुन्हा राजकारणात येणं, घरातल्यांशीच वैर, असं सगळं धरून पुढं आणखी सत्तेचाळीस वर्षं ती जगली. त्याचा पुतळा कसा करणार?

डंकवाली म्हणतात ते मला असं कळलं: लढाईची सात वर्षं सगळ्यांना दिसतात. त्यानंतरच्या वर्षांत कुणी घरी येत नाही.

नाद_खुळा | ९ मार्च, सकाळी ७:१५

हे १७१४ चं माहीत नव्हतं. गप्प बसतो.

शिरोळची_पोर | ९ मार्च, सकाळी ९:४०

आमचं गाव हेरवाडपासून जवळ. ४ मे २०२२ ला हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांत शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. टीव्हीवाले आले, सगळ्यांना अभिमान वाटला. मलाही वाटला, आजही आहे.

माझी मावशी पण २०२१ च्याच लाटेत विधवा झाली. ठरावाच्या बातम्या बघून तिनं टिकली लावली. पहिल्या दिवशी दुधाच्या डेअरीवर रांगेतल्या बायका एकदम गप्प झाल्या. कुणी वाईट बोललं नाही हो. नुसत्या गप्प. ती म्हणते, बोलल्या असत्या तर उत्तर दिलं असतं. संक्रांतीला हळदी-कुंकवाला शेजारणीनं बोलावलं, आणि वाण देताना तिचा हात थरथरला, मावशीचा नव्हे, शेजारणीचा! "माझ्या नवऱ्याला काही झालं तर" ही भीती ठरावानं कशी जाणार? पण ती शेजारीण पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायला आली, आणि त्या वर्षी हात थरथरला नाही.

तर उपयोगी काय पडलं म्हणाल, तर थरथरत्या हातानं वाण देणारी शेजारीण.

डंकवाली | ९ मार्च, सकाळी १०:०५

माझ्या बांगड्या कुणी फोडल्याच नाहीत, कारण कोरोनात कुणी आलंच नाही. पालिकेच्या माणसांनी अंत्यसंस्कार केले. दहाव्याला चुलत सासूबाई आल्या आणि हाताकडं बघत राहिल्या. मी स्वतःच काढून ठेवल्या. पुढच्या वर्षी हेरवाडची बातमी वाचली आणि डबा उघडून परत घातल्या. डंकावर काचेच्या टिकत नाहीत, म्हणून आता प्लास्टिकच्या.

मंगळवार_पेठेतली_आजी | ९ मार्च, दुपारी ३:२०

नातीकडून टाइप करून घेते आहे. वय ७१. माझे मिस्टर मेले नाहीत, १९८३ साली निघून गेले. त्यामुळं मला ना विधवेची सहानुभूती मिळाली, ना सवाष्णीचा मान. "टाकलेली" म्हणत. शब्द बघा कसा, जसा कचरा.

भाड्याच्या खोलीत मशीन घेऊन ब्लाऊज शिवायला लागले. लोक म्हणत, बाई धीराची आहे. धीर कसला, भाडं होतं. चाळिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले, मुलगी नववीत असताना. गणितात ३६ पडले. ते ३६ मार्क मी अजून सांगते लोकांना.

एक जुनी गोष्ट सांगते, शाहू महाराजांची. त्यांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये शिकारीतल्या अपघातात गेला. सून इंदुमतीदेवी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. महाराजांनी तिला कोपऱ्यात बसवली नाही, सोनतळीला ठेवून शिकवली. आदल्याच वर्षी, १९१७ ला, त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, आणि १९१९ ला बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. आमच्या मास्तरीणबाई हे सांगायच्या आणि म्हणायच्या, बघा, तिची सोय केली. मला तो शब्द आवडतो. तिला कुणी "खंबीर हो पोरी" म्हणून सोडून दिलं नाही.

आमचा सासरा राजा नव्हता, म्हणून आम्हाला मशीन घ्यावं लागलं.

कौन्सेलर_कोल्हापूर | ९ मार्च, रात्री ९:०५

मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं कामाचं. धागाकर्तीला एक विचारू? दर पावसाळ्यात काय होतं?

डंकवाली | ९ मार्च, रात्री ९:३०

बरोबर धरलंत. पाणीपातळीचे मेसेज सुरू झाले की झोप जाते. इशारा पातळी ३९ फूट असते, माझा इशारा ३० लाच होतो. कागदपत्रांची पिशवी दाराला टांगलेली. पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडतं. गेल्या वर्षी पाणी गल्लीत आलंसुद्धा नाही, तरी मी तीन रात्री मोटर टेबलावर चढवून बसलो होतो. पोरगं म्हणालं, आई, ऊन पडलंय.

कौन्सेलर_कोल्हापूर | ९ मार्च, रात्री १०:१५

हे वेड नाही आणि कमकुवतपणाही नाही. मोठा आघात झाला की मेंदू त्या वेळचे आवाज, वास, हवा धोक्याची खूण म्हणून साठवतो. पुढं तसाच आवाज आला की विचार करायच्या आधी शरीर पळायच्या तयारीला लागतं. ठरावीक तारखा-महिने जवळ आले की त्रास वाढणं हे आमच्याकडं नेहमी दिसतं. २०१९ आणि २०२१ नंतर पूरपट्ट्यातल्या कित्येक बायका "ॲसिडिटी", "अंगदुखी", "बीपी" म्हणून डॉक्टरांकडं गेल्या. सगळी औषधं पित्ताची. झोपेबद्दल कुणी विचारलं नाही.

पिशवी दाराला टांगणं हे शहाणपण आहे, ते सोडू नका. उन्हात मोटर टेबलावर चढवावी लागते, तिथं मदत घ्यावी. आघातावर काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत आणि त्यांचा गुण येतो. सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही. सुरुवातीला १४४१६ ही टेलिमानसची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास.

आणि एक. खंबीर बाईची अडचण अशी की ती मदत मागायला गेली तर लोकांना वाटतं ही मोडली. म्हणून ती जातच नाही. माझ्याकडं सर्वांत उशिरा येतात त्या सत्कार झालेल्या बायका.

रंकाळ्याचा_वारा | ९ मार्च, रात्री १०:४०

शेवटचं वाक्य लागलं.

गांधीनगरची_अकाउंटंट | १० मार्च, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. माझं सासर इचलकरंजी, यंत्रमागाचं घर. मारहाण सात वर्षं. मागाच्या आवाजात काही ऐकू जात नाही शेजारी, हा एक भाग. निघायच्या आधी चार महिने मी एकेक कागद तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवत होते: आधार, मुलीचा जन्मदाखला, माझी बीकॉमची मार्कशीट, लग्नपत्रिका. सासू रोज त्यातलेच तांदूळ काढायची. अजून तांदूळ निवडताना माझे हात गार पडतात.

उपयोगी काय पडलं:

माझ्या एकटीच्या नावाचं, माझ्याच मोबाईल नंबरला जोडलेलं खातं, वेगळ्या बँकेत. एक मैत्रीण, जिनं "का सहन केलंस" असं विचारलं नाही, "किती वाजता येऊ" असं विचारलं. आणि गांधीनगरच्या कापड बाजारातले एक शेठ, ज्यांनी टॅली येतं का एवढंच विचारलं. मला येत नव्हतं. येतं म्हणाले आणि पंधरा दिवसांत शिकले.

काय उपयोगी पडलं नाही: समेटाच्या बैठका. प्रत्येक बैठकीत मला पाणी द्यायचे आणि त्याला समजावायचे.

वकीलमावशी | १० मार्च, संध्याकाळी ६:३०

कागद तांदळात ठेवणाऱ्या पोरीला माझ्याकडून चहा.

माझ्या ऑफिसात रोज विचारतात ते लिहून ठेवते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात मारहाणीबरोबर शिव्या, पैसे अडवणं, घराबाहेर काढायची धमकी, हे सगळं येतं. पोलीस ठाण्यातच जायला पाहिजे असं नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार देता येते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी कलम १७ प्रमाणं बाईला तिथं राहायचा हक्क आहे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तुम्ही हसाल, मीही हसते, पण अंतरिम आदेश लवकर मिळवता येतो, तो मागायचाच. नवऱ्याकडून-सासरकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८अ आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम ८५ आहे, नंबर बदलला म्हणून घाबरू नका. आणि बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

अपिलासाठी मुंबईला जायचं म्हणून कित्येकींनी केस सोडलेली मी बघितली आहे. रात्रीची गाडी, लॉजचा खर्च, लहान पोर कडेवर, आणि तारीख पुढं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं. वकिलांनी पेढे वाटले, ते ठीक. मला आठवल्या त्या कडेवर पोर घेतलेल्या बायका.

डंकवाली, दिरानं डंक विकायचा विषय काढला होता का? सगळीकडं काढतात.

डंकवाली | १० मार्च, संध्याकाळी ७:०२

तुम्ही आमच्या घरी आला होता काय?

वकीलमावशी | १० मार्च, संध्याकाळी ७:२०

नवऱ्यानं स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं पहिले वारस म्हणजे बायको, मुलं आणि त्याची आई. दिराचा नंबर त्यात नाही. चहा पाजा आणि पाठवा.

पुणेरी_जावई | १० मार्च, रात्री ८:४५

सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रामाणिक शंका. "खंबीर" म्हणू नका, "धीर धर" म्हणू नका, मग आम्ही म्हणायचं तरी काय? लोकांची भावना चांगली असते.

मंगळवार_पेठेतली_आजी | १० मार्च, रात्री ९:१०

बाळा, म्हणायचंच कशाला? भाजी आणून दे.

कुणीतरी_१ | ११ मार्च, रात्री १:३८

तीन दिवस वाचतोय. लिहू का नको करत होतो.

मी गेलतो एकदा माहेरी. गेल्या श्रावणात. अडीच महिने राहिलो. भावजयीला जड झालो. मग परत आलो. तुमच्या सगळ्यांच्या गोष्टीत शेवटी काहीतरी होतं, मोटर चालू होते, नोकरी लागते. माझं काय झालं नाही. मी परत गेलो त्याच घरात. खंबीर म्हणू नका म्हणता, मला तर कुणी म्हणालं पण नाही कधी.

पुणेरी_जावई | ११ मार्च, सकाळी ८:०५

दादा, पुरुषांवरही अत्याचार होतात, तुम्ही मोकळेपणानं बोललात हे

शिरोळची_पोर | ११ मार्च, सकाळी ८:०९

अहो जावई, त्या बाई आहेत. आमच्याकडं बायका "मी जातो, मी येतो" असंच बोलतात. डंकवालीपण पहिल्यापासून तसंच लिहितेय.

पुणेरी_जावई | ११ मार्च, सकाळी ८:१२

क्षमस्व. खरंच क्षमस्व. भाजी आणायला निघालो.

गांधीनगरची_अकाउंटंट | ११ मार्च, सकाळी ८:५०

कुणीतरी, मी तिसऱ्या वेळी निघाले ती निघाले. पहिल्या दोन वेळा परत गेले. दुसऱ्यांदा तर मीच फोन करून "न्यायला या" म्हणाले होते. हे मी वर लिहिलं नाही, कारण लाज वाटली. आता लिहिलं.

कौन्सेलर_कोल्हापूर | ११ मार्च, सकाळी ९:१५

परत जाण्याला कारणं असतात: पोरं, पैसे, जागा, भीती. तुम्ही अडीच महिने बाहेर राहिलात, ते वाया गेलेलं नाही. आज घरात धोका वाटला तर ११२, आणि महिलांसाठी १८१. फोन कुणी तपासत असेल तर हे पान पुसून टाकत जा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला.

डंकवाली | ११ मार्च, सकाळी ९:४०

कुणीतरी, मिरच्या झाल्या का घेऊन? नसतील तर घे आणि ये माझ्याकडं. सीझन आहे, कोल्हापुरात बाई चटणी कांडायला निघाली तर तिला कुणी विचारत नाही. दोन-तीन तास लागतात, सगळ्या घरांना माहीत असतं. दुकान (संपादित) जवळ, बोर्ड लाल आहे.

वकीलमावशी | ११ मार्च, सकाळी ९:४४

डंकवाली, पत्ता काढ. हा धागा कोणीही वाचू शकतं.

डंकवाली | ११ मार्च, सकाळी ९:४७

काढला. डोकं चाललं नाही. व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघ. दुकानात माझा साधा बटणाचा फोन आहे, तो वापर. अकाउंटंटबाई, शनिवारी सुट्टी असते का तुम्हाला?

गांधीनगरची_अकाउंटंट | ११ मार्च, दुपारी १:३५

अर्धा दिवस. दोनला पोचते. खात्याचे फॉर्म घेऊन येते.

मंगळवार_पेठेतली_आजी | ११ मार्च, दुपारी ४:००

माझ्याकडं एक खोली आहे वरची. भाडं नंतर बघू. नातीचा नंबर डंकवालीला पाठवला.

कुणीतरी_१ | १२ मार्च, रात्री १२:५०

व्यनि बघितला.

संकेश्वरी दीड किलो, ब्याडगी अर्धा. देठं काढून आणू का तिथं काढू?

डंकवाली | १२ मार्च, सकाळी ६:२०

तिथं काढू. वेळ लागतो त्याला.